कुत्रं कुणाच्या हवाली करायचं?

दिवाळीत इचलकरंजीतल्या मागांचा खडखडाट काही दिवस थांबतो आणि त्याच दिवसांत शहरातली कितीतरी कुटुंबं गावाकडं, देवदर्शनाला किंवा कोकणात फिरायला निघतात. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांची तयारी मात्र एका प्रश्नापाशी अडते: याला कुणाकडं सोपवायचं? घरं भरलेली होती तेव्हा हा प्रश्न फारसा पडत नसे. कुणी ना कुणी घरी असायचंच आणि मळ्यातलं किंवा वाड्यातलं कुत्रं अंगणात मोकळं हिंडायचं. आता नवरा-बायको दोघंही कामावर असतात, मुलं शिकायला पुण्याला गेलेली असतात आणि दारातल्या राखणीच्या कुत्र्याच्या जागी घरात वावरणारा लॅब्रॅडॉर किंवा पग आलेला असतो. त्याला रोज दोन वेळा बाहेर न्यावं लागतं, ठरल्या वेळी खायला घालावं लागतं, आजारी पडलं तर ओळखावं लागतं. पुण्या-मुंबईत अशा कामाला पैसे घेऊन येणारी माणसं मोबाइलवर शोधता येतात. इचलकरंजीत या कामाचा अजून रीतसर धंदा झालेला नाही. त्यामुळं ओळखीपाळखीतून, जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करून कुणीतरी शोधावं लागतं आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: विश्वासू माणूस कुठं मिळेल?

या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की विश्वासू माणूस कुठंतरी तयार आहे आणि आपल्याला फक्त त्याचा पत्ता हवा आहे. माझं म्हणणं असं, की या कामातला विश्वास आधी तयार नसतो. तो बसवावा लागतो. काम नीट सांगितलं, थोडंथोडं सोपवून पाहिलं, वेळच्या वेळी तपासलं आणि त्याची योग्य मजुरी दिली, की तो बसतो. त्यातलं निम्मं काम कुत्र्याच्या मालकाचं आहे. इचलकरंजीकरांना हे पटायला जड जाऊ नये. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव आपला माल दुसऱ्याच्या हाती देण्यावरच उभं आहे. व्यापारी खर्चीवाल्याला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्याला, सूत देतो, तेव्हा त्याच्याकडून प्रामाणिकपणाची शपथ घेत नाही. आधी थोडा माल देतो, कापड हातात आल्यावर वजन आणि विणकाम बघतो, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, ठरवतो, हिशेब वेळेवर मिटवतो आणि मग पुढचा माल वाढवतो. सुताच्या बाबतीत जी शिस्त आपण सहज पाळतो, ती जिवंत जनावराच्या बाबतीत मात्र विसरतो आणि गाडी निघायच्या आदल्या रात्री, जो हो म्हणेल त्याच्या हातात साखळी देतो.

हे काम म्हणजे श्रीमंतांची हौस आहे, असा एक समज आहे. कायदा त्याकडं तसं पाहत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या कलम ११मध्ये क्रूरतेची जी यादी दिली आहे, तिच्यात मारहाणीच्या बरोबरीनं आणखीही गोष्टी आहेत. जनावराला फार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हाही गुन्हा आहे. शिवाय, जे कुत्रं नेहमी बांधलेलं किंवा कोंडलेलं असतं, त्याला पुरेसा व्यायाम न देणं किंवा दुसऱ्याकडून न देवविणं हेही त्या यादीत स्वतंत्रपणे नमूद आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त दहा ते पन्नास रुपये, म्हणून या कायद्याचा धाक कुणाला वाटत नाही. तरी साठ वर्षांपूर्वीच्या या कायद्यानं एक गोष्ट स्वच्छ मांडून ठेवली आहे: कुत्र्याला फिरवणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि स्वतःला जमत नसेल तर ते दुसऱ्याकडून करून घेणं हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे. चार दिवस बाहेर जाताना गच्चीवर पाण्याची बादली आणि भाकरीचा ढीग ठेवून कुत्र्याला बांधून जाणारा माणूस स्वतःला निर्दयी समजत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र तो दोषी आहे.

आता माणूस पारखायच्या ज्या रूढ वाटा आहेत, त्या कुठवर नेतात ते पाहू. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांच्यासाठी २०१७ साली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्र सरकारनं नियम केले. पण तुमच्या घरी येऊन कुत्र्याला फिरवून आणणाऱ्या किंवा आपल्या घरी चार दिवस ठेवून घेणाऱ्या माणसाला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही की परवाना दाखवावा लागत नाही. त्यामुळं ‘प्रमाणपत्र आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं, तरी त्यातून फारसं काही कळत नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेता येते आणि घराची किल्ली देणार असाल तर ती जरूर करावी. मात्र तिच्यातून एवढंच समजतं, की या माणसावर गुन्हा नोंद नाही. भेदरलेलं कुत्रं कोपऱ्यात गुरगुरायला लागल्यावर तो मागं सरकेल की काठी उचलेल, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. ओळखीच्यांची शिफारस याहून उपयोगी, पण तिलाही मर्यादा आहे. ज्या माणसानं शेजारच्यांचा म्हातारा, शांत पॉमेरेनियन सांभाळला, त्याला तुमचा दीड वर्षाचा दांडगा जर्मन शेफर्ड आवरेलच असं नाही. शिफारस ऐकताना ‘माणूस चांगला आहे का?’ एवढं विचारून थांबू नये. त्यानं कुठलं कुत्रं, किती दिवस, कुठं सांभाळलं, त्या काळात काय बिघडलं आणि बिघडल्यावर त्यानं कुणाला फोन केला, हे विचारावं. सगळं सुरळीत पार पडलं असं सांगणाऱ्यापेक्षा, अडचण आली तेव्हा त्यानं लगेच कळवलं असं सांगणाऱ्याची शिफारस अधिक मोलाची.

माणसाची खरी पारख कुत्र्याच्या सोबतीनंच होते आणि तिला अभ्यासाचाही आधार आहे. हंगेरीतल्या बुडापेस्टमधल्या संशोधकांनी १९९८ साली मालक आणि कुत्रा अशा ५१ जोड्यांचं निरीक्षण केलं. तान्ह्या मुलाची आईशी असलेली ओढ तपासण्यासाठी मानसशास्त्रात जी चाचणी वापरतात, तिच्याच धर्तीवर त्यांनी कुत्र्याला अनोळखी खोलीत कधी मालकाबरोबर, कधी परक्या माणसाबरोबर ठेवलं. मालक जवळ असताना कुत्री खोली हुंगत फिरली, खेळली. मालक बाहेर गेला की बराच वेळ दाराशी उभी राहिली. घर सोडून जाताना कुत्र्याची जी घालमेल आपल्याला दिसते, ती आपल्या मनाचा खेळ नाही, एवढं यातून ठरतं. पण माझ्या मुद्द्याला अधिक जवळचा आहे तो त्याच गटाचा २००१ सालचा अभ्यास. प्राण्यांच्या निवाराघरातल्या मोठ्या कुत्र्यांना त्यांनी एका अनोळखी माणसाचा सहवास दिला: तीन वेळा, दर वेळी अवघी दहा मिनिटं. तेवढ्यावर त्यांतली कुत्री त्या माणसाशी ओढीनं वागू लागली. मोठं झालेलं कुत्रंही नव्या माणसाशी नातं जोडू शकतं आणि त्यासाठी महिने लागतातच असं नाही. छोट्या, शांत, पुन्हा पुन्हा होणाऱ्या भेटींतून ते जमतं.

यावर कुणी म्हणेल, की निवाराघरातलं कुत्रं माणसाच्या मायेला आसुसलेलं असतं. घरात लाडानं वाढलेल्या कुत्र्याला ते कसं लागू पडेल? आक्षेप रास्त आहे. घरच्या कुत्र्याला नव्या माणसाची गरज नसते, म्हणून त्याला वेळ अधिक लागतो आणि काही कुत्री तर बिचकलेलीच राहतात. पण यातून ओळखीच्या भेटी निरुपयोगी ठरत नाहीत, उलट त्या लवकर सुरू करायला हव्यात असं ठरतं. गावाला जायच्या महिनाभर आधी त्या माणसाला घरी बोलवावं. पहिल्या भेटीत त्यानं कुत्र्याला हातही लावला नाही तरी चालेल. आल्या आल्या तो कुत्र्यावर वाकून डोक्यावर थापट्या मारतो, की जरा बाजूला बसून त्याला हुंगू देतो, हे बघावं. कुत्रं वारंवार ओठ चाटत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, मान फिरवून डोळ्याच्या कडेतून पांढरं दाखवत असेल, शेपूट पोटाशी घेत असेल, तर ते अस्वस्थ आहे. हे त्या माणसाला दिसतं का? दिसल्यावर तो आपला हात मागं घेतो का? दुसऱ्या भेटीला मालकानं सोबत राहून त्याच्या हातात पट्टा द्यावा, तिसऱ्यांदा त्याला एकट्याला अर्धा तास पाठवावं, मग एक पूर्ण दिवस आणि एक रात्र. त्या रात्री आपण गावातच असावं, म्हणजे काही बिनसलं तर पोचता येतं. एवढं करूनही कुत्रं जेवलं नाही, रात्रभर दाराशी कण्हत बसलं, तर तो माणूस वाईट आहे असं नव्हे. या कुत्र्याला दुसरी व्यवस्था हवी, एवढंच कळलं आणि ते प्रवासाआधी कळलं, हे चांगलंच झालं.

या सगळ्यात आपण सांभाळणाऱ्याची परीक्षा घेत असतो, पण त्यालाही मालकाची परीक्षा घ्यायचा तेवढाच हक्क आहे. कुत्रं पूर्वी कुणाला चावलं असेल, जेवताना भांड्याजवळ कुणी आलेलं त्याला खपत नसेल, लहान मुलं किंवा सायकल दिसली की ते झेपावत असेल, तर हे लपवणं म्हणजे समोरच्याला उघड्या विहिरीच्या काठावर उभं करणं होय. बरेच मालक ‘आमचं कुत्रं काही करत नाही’ म्हणून मोकळे होतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ असं सांगतं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा इथं जनावर कुणाच्या ताब्यात आहे ते पाहतो. साखळी ज्याच्या हातात आहे, तोही या कलमात येऊ शकतो. महिन्याला थोडेफार पैसे मिळावेत म्हणून कुत्रं फिरवणाऱ्या पोराला ही जोखीम न सांगता अंगावर घ्यायला लावणं अन्यायाचं आहे. म्हणून कुत्र्याचा खरा स्वभाव लिहून द्यावा, त्याला आवरायचे शब्द शिकवावेत, गरज असेल तर मुसकी द्यावी. कुणाला चावलं तर उपचाराचा खर्च कोण करणार, हेही आधीच ठरवावं. माझ्या मते तो मालकानंच करायला हवा.

चावण्याचा विषय निघाला की रेबीजबद्दल बोलावंच लागतं. जगात रेबीजनं दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यांतले सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ कधीच बरा होत नाही, पण चावल्याबरोबर नीट उपचार झाले तर तो हमखास टाळता येतो. २०३०पर्यंत कुत्र्यांमुळं होणारा रेबीज देशातून संपवायचा राष्ट्रीय आराखडा २०२१ साली जाहीर झाला आहे आणि कुत्र्यांचं लसीकरण हा त्याचा पाया आहे. दुसऱ्याच्या हाती कुत्रं देण्याआधी रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना, हे दाखवणारं लसीकरणाचं पुस्तक त्याच्यासमोर उघडून ठेवणं ही मालकाची पहिली सचोटी आहे. सांभाळणाऱ्याला हेही ठाऊक हवं, की चावल्यावर किंवा ओरखडा उठल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट असलं काही भरायचं नाही. त्याच दिवशी आयजीएमसारख्या सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यायची आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करायचे. कुत्रं घरचं आहे, लस टोचलेलं आहे, म्हणून हे टाळायचं नाही. जो रोज चार-पाच कुत्री हाताळणार आहे त्यानं चावण्याआधीच प्रतिबंधक लस घ्यावी आणि तिचा खर्च त्याच्याकडं कुत्री देणाऱ्यांनी मिळून उचलावा.

कुत्र्यांचे बहुतेक अपघात दुष्टपणातून होत नाहीत. ते माहिती नसल्यामुळं होतात आणि ही माहिती प्रत्येक गावाची वेगळी असते. आपल्याकडं कुणी आपुलकीनं कुत्र्याला काय खाऊ घालेल? रविवारच्या मटणाची हाडं आणि उरलेला रस्सा. शिजवलेलं हाड चावताना टोकदार तुकड्यांत फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. रश्श्यातल्या कांदा-लसणामुळं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सांगली-तासगावचे बेदाणे आपल्या घराघरांत असतात, पण द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि नेमके किती खाल्ल्यावर होतील हे सांगता येत नाही. चॉकलेटही तसंच घातक. प्रेमानं मूठभर बेदाणे देणारा माणूस पूर्ण विश्वासू असू शकतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं इतकंच. उन्हाचंही तेच आहे. कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळात ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं आणि आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. धापा टाकूनच ते अंग निववतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत. एप्रिल-मेच्या दिवसांत सकाळी दहा वाजता डांबरी रस्त्यावरून फिरवलेलं कुत्रं उष्माघातानं कोसळू शकतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये, एवढा नियम कुणालाही पाळता येतो.

दुसरी मोठी भीती कुत्रं निसटण्याची. नव्या माणसाच्या हाती दार असतं, ते उघडलं की मालकाला शोधायला कुत्रं धाव घेतं आणि त्याला हाक मारून परत आणणारा आवाज तिथं नसतो. म्हणून आधी पट्टा अडकवायचा आणि मगच कडी काढायची, ही सवय घरातल्या सगळ्यांनी आधीपासून लावून घ्यावी. गळ्यातल्या पट्ट्यावर चालू मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असावा आणि फिरवताना नुसत्या गळपट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा. दिवाळीच्या फटाक्यांत आणि विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या दणक्यात हा धोका कैक पटींनी वाढतो. रात्रंदिवस चालणाऱ्या मागांचा आवाज इथल्या कुत्र्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, पण अचानक फुटणाऱ्या सुतळी बॉम्बची सवय बहुतेक कुत्र्यांना होत नाही. त्या दिवसांत संध्याकाळी लवकर फिरवून आणायचं आणि खिडक्या लावून आतल्या खोलीत त्याच्यापाशी बसायचं, असं स्पष्ट ठरवावं. नदीकाठच्या घरांना आणखी एक गोष्ट लिहून द्यावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुरानं सखल भागातली घरं रिकामी करायला लावली. पाणी चढू लागलं तर कुत्र्याला साखळीनं बांधून ठेवायचं नाही, त्याला घेऊन कुणाकडं जायचं त्याचा पत्ता आणि फोन हाताशी हवा आणि साचलेल्या पाण्यातून फिरवायचं नाही, कारण उंदरांच्या मुतामुळं पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. हे सगळं एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर मावतं. जेवणाचं प्रमाण, औषधं, डॉक्टरांचा नंबर, किती रुपयांपर्यंतचा उपचार न विचारता करावा आणि मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कुणी घ्यायचा, हेही त्यावर असावं.

‘एवढा खटाटोप कशाला? भाऊबंद आहेत, शेजारी आहेत, ते बघतील,’ हा सगळ्यांत आधी येणारा आक्षेप. शेजारधर्म अजून जिवंत आहे ही आपल्या गावाची श्रीमंती आहे आणि जिथं तो आहे तिथं त्याचा आधार जरूर घ्यावा. पण उपकारानं केलेल्या कामाचा जाब विचारता येत नाही. संध्याकाळी कुत्र्याला बाहेर नेलं का, हे काकूंना दुसऱ्यांदा विचारायची भीड पडते. त्यांना त्या दिवशी ताप होता म्हणून कुत्रं कोंडलेलंच राहिलं, हे त्याही सांगत नाहीत. नातं जपायच्या नादात कुत्र्याची आबाळ होते आणि कधीकधी नातंही तुटतं. शेजाऱ्यानं सांभाळलं तरी कागद लिहून द्यावा, खर्चाचे पैसे हातात ठेवावेत आणि काम रोजचं असेल तर मोबदला ठरवूनच द्यावा. तेव्हा विचारायचा हक्कही मिळतो आणि नाही म्हणायची मोकळीकही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे: लहान शहरात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथं लेखी अटी आणि चाचणीचे दिवस लावले तर समोरच्याचा अपमान होतो. मला वाटतं, अपमान अटींमुळं होत नाही, अटी एकतर्फी असल्यामुळं होतो. कुत्र्याचा स्वभाव लपवायचा, वेळ वाढली तरी पैसे वाढवायचे नाहीत, गावाहून आल्यावर हिशेबाला चार फेऱ्या मारायला लावायच्या आणि वर रोज दहा फोटोंची मागणी करायची, यात अपमान आहे. रोज दोन फोटो, एक फोन, ठरलेली वेळ, ठरलेली मजुरी आणि चावण्याची जोखीम मालकाच्या अंगावर, असं दोन्ही बाजूंचं लिहिलेलं असेल, तर त्या कागदानं सांभाळणाऱ्याचंच रक्षण होतं. कुत्रं मुळातच आजारी होतं की त्याच्या ताब्यात असताना पडलं, या वादात त्याच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच गोष्ट असते.

काहीजण कॅमेऱ्यावर भिस्त ठेवतात, काहीजण थेट कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवणं पसंत करतात. कॅमेरा घरात घडून गेलेलं दाखवतो. रस्त्यावर काय झालं ते दाखवत नाही आणि महाबळेश्वरात बसून कुत्रं ओकताना दिसलं तरी त्याला दवाखान्यात न्यायला माणूसच लागतो. कॅमेरा लावला असेल तर तसं आधी सांगावं. चोरून नजर ठेवली की विश्वासाची सुरुवातच चुकीची होते. वसतिगृहाची सोय मात्र काही कुत्र्यांना खरोखर मानवते. इतर कुत्र्यांत रमणारं, लसी पूर्ण झालेलं तरणं कुत्रं तिथं मजेत राहतं. म्हातारं, भित्रं कुत्रं किंवा लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू तिथं ठेवू नये, कारण पार्व्हो, डिस्टेंपर आणि संसर्गजन्य खोकला अनेक कुत्री एकत्र असतात तिथं झपाट्यानं पसरतात. ज्या ठिकाणी आत येण्याआधी तुमच्याकडं लसीकरणाचं पुस्तक मागत नाहीत, तिथल्या इतर कुत्र्यांचंही मागितलेलं नसणार. एवढी एक खूण पुष्कळ काही सांगते. शिवाय कुत्री ठेवायची जागा न कळवता जाऊन बघू दिली जात नसेल, तर तिथून परत फिरावं.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. ज्या शहरात मागावरच्या कामगाराला बारा-बारा तास उभं राहून संसार चालवावा लागतो आणि मोकाट कुत्र्यांच्या भीतीनं पोरांना शाळेत सोडायला जावं लागतं, तिथं पाळलेल्या कुत्र्याच्या सोयीची चर्चा करणं शोभतं का? मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न आणि घरातल्या कुत्र्यांची आबाळ यांच्यात अंतर कमी आहे. सांभाळायला कुणी नाही म्हणून गावाबाहेर सोडून दिलेलं कुत्रं, फटाक्यांना घाबरून पळालेलं आणि परत न सापडलेलं कुत्रं, दिवसभर बांधून चिडखोर झालेलं आणि एक दिवस साखळी तोडून धावलेलं कुत्रं, हे सगळं त्या प्रश्नात भर घालतं. आणि मजुरीचा मुद्दा तर या बाजूनंच बोलतो. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास एवढं हे काम असतं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला, निवृत्त माणसाला, घरकाम करणाऱ्या बाईला, जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस असणाऱ्याला ते जोडधंदा म्हणून सहज करता येईल. फक्त रातपाळी करून आलेल्या, डोळ्यांवर झोप असलेल्या कामगाराच्या हातात सकाळी दांडगं कुत्रं देऊ नये, एवढं भान ठेवावं. हे काम फुकटात किंवा चहापाण्यावर उरकायची आपली सवय जोवर सुटत नाही, तोवर चांगली माणसं त्यात टिकणार नाहीत. आणि मग विश्वासू माणूस मिळत नाही ही तक्रार करायचा आपल्याला काय हक्क?

शेजारच्या कोल्हापुरात संस्थानी काळात शिकारीचे चित्ते पाळले जात आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान दरबारचे पगारी नोकर असत. जनावर मोलाचं आहे तर त्याला सांभाळणाराही मोलाचा, हा व्यवहार त्या दरबाराला कळत होता. अलीकडचं उदाहरण रतन टाटांचं. ऑक्टोबर २०२४मध्ये ते गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या लाडक्या कुत्र्याच्या आजन्म देखभालीची तरतूद असल्याचं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालं. देशातला कुठलाही तज्ज्ञ नेमता आला असता अशा माणसानं टिटोला सोपवलं ते आपल्याच घरातल्या जुन्या आचाऱ्याकडं. वर्षानुवर्षं एका छताखाली राहून त्या दोघांची ओळख पटलेली होती आणि देखभालीचा पैसाही बाजूला काढून ठेवलेला होता. ओळख आणि तरतूद, दोन्ही. आपल्यापाशी तेवढा पैसा नसला तरी ही रीत आपल्या आवाक्यातली आहे.

म्हणून पुढच्या सुट्टीची तिकिटं काढायच्या आधी, घाई नसतानाच, हे काम हाती घ्यावं. लसी पूर्ण कराव्यात, कुत्र्याबद्दल खरं खरं लिहून काढावं, दवाखान्यात आणि शेजारी विचारून दोन माणसं निवडावीत, कारण एकजण ऐन वेळी आजारी पडू शकतो. दोघांनाही कुत्र्याची सवय होऊ द्यावी आणि गावाला जायचं नसलं तरी महिन्यातून एखादी फेरी त्यांच्याकडून मारून घेऊन तिचे पैसे द्यावेत. असं केलं तर वर्षभरात त्या कुत्र्याला आणखी दोन हक्काची माणसं मिळतील आणि त्या दोघांना नेहमीची कमाई. पुढं एका गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून हेच केलं, तर या शहरात कुत्री सांभाळण्याचा एक प्रामाणिक धंदा उभा राहील. त्यासाठी बाहेरून कुणी कंपनी येण्याची वाट बघायला नको.